ताम्हिणीत गाडी बंद पडली; सेल्फ मारला की सगळे दिवे विझतात

रानजाई

नमस्कार मंडळी. दिवेआगरहून पुण्याला परत येताना ताम्हिणी घाटात आमची गाडी बंद पडली. गाडीत मी, माझी आई, सासूबाई आणि लेक. दोघी म्हाताऱ्या सत्तरीच्या पुढच्या. आईला मधुमेह आहे आणि रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं.

विळे गावानंतरची चढण संपत आली तेव्हा सासूबाईंना मळमळायला लागलं, म्हणून जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि बंद केली. त्यांना बरं वाटल्यावर सेल्फ मारला, तर फक्त ‘टक्’ आणि समोरचे सगळे दिवे गुल. चावी मागे घेतली की थोड्या वेळाने दिवे परत यायचे. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. आमच्यापैकी कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. ऊन डोंगरामागे गेलं होतं आणि थंडी पडायला लागली होती.

दोन-तीन गाड्या न थांबता गेल्या. मग खाली उतरणारा एक छोटा टेंपो थांबला. चालक तिथल्याच एका गावचा. तो आधी बॉनेटकडे गेलाच नाही. म्हणाला, “ताई, हेडलाइट लावा अन् सेल्फ मारा, मला ऐकू द्या.” हेडलाइट चांगला लख्ख लागला आणि सेल्फ मारताच पूर्ण विझला. “बॅटरीत जीव आहे, करंट फुडं जात न्हाई,” म्हणाला. बॉनेट उघडून त्याने बॅटरीच्या टर्मिनलवरची पकड हाताने फिरवली, तर ती चक्क फिरली. आत पांढरट-हिरवी भुकटी साचली होती. त्याने दहाच्या पान्याने आधी काळी वायर सुटी केली, मग लाल. टर्मिनलचे खांब आणि पकड दोन्ही खरवडून काढले, थोडं पाणी ओतून फडक्याने कोरडे केले. लाल वायर आधी लावली, काळी नंतर. एक पकड तरीही सैल बसत होती, म्हणून त्याने टेंपोतल्या तांब्याच्या तारेचा तुकडा फटीत सारून ती आवळली. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू!

पैसे घ्यायला तो काही केल्या तयार होईना. सासूबाईंनी मोदकांचा डबा हातात दिला, तेवढा घेतला. “पौड येईस्तोवर गाडी बंद करू नका, मावशींना घरी न्या,” एवढं सांगून निघून गेला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता प्रश्न. पुण्यात सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली, तर ते म्हणतात बॅटरी, सेल्फ आणि अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारा भाग) तिन्ही बदला. गाडी पाच वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. बॅटरी साधारण तीन वर्षांपूर्वी बदलली होती. कोणतंही रीडिंग लिहून दिलेलं नाही. खरंच तिन्ही बदलायला हवं का? आणि दुसरं, वयस्कर माणसं बरोबर असताना अशा जागी अडकलं तर आधी काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

गॅरेजवाला_सांगली

ताई, त्या टेंपोवाल्याने जे केलं ते अगदी शास्त्रशुद्ध. गाडी बंद पडली की लोक आधी बॉनेट उघडतात. आधी कान उघडायचे असतात.

सेल्फ मारल्यावर ‘कट-कट-कट-कट’ असा जलद आवाज आला आणि दिवे मिणमिणले, तर बॅटरी उतरली आहे. एकच ‘टक्’ आला आणि दिवे तसेच लख्ख राहिले, तर सेल्फमध्येच बिघाड. ‘टक्’ होऊन दिवे साफ विझले आणि परत आले, तर जोडणी सैल किंवा गंजलेली. तुमचा प्रकार हा तिसरा. दिव्यांना थोडाच करंट लागतो, तेवढा त्या गंजातूनही जातो. सेल्फला मात्र शंभरापेक्षा जास्त अँपिअर लागतात आणि तिथे वाट बंद होते. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक. पेट्रोल, स्पार्क नाहीतर चावीचा इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) बघायचा.

आता तुमच्या बिलाबद्दल. रीडिंगशिवाय एकही भाग बदलू देऊ नका. व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर बघा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी आकडा बघा. तो 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. गाडी सुरू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवं. ते दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय, मग तो कशाला बदलायचा?

तुमच्यासाठी महत्त्वाची तपासणी आणखी एक आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावरच्या पकडीवर ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर तिथेच आहे. दोन्ही खांबांवर असं बघा. शंभर गाड्यांतल्या कितीतरी गाड्यांचे चांगले सेल्फ याच कारणासाठी फुकट बदलले जातात, हे मी रोज बघतो आणि मला त्याचा संताप येतो.

तांब्याची तार ही घरी पोचण्यापुरती. नवी पकड बसवून घ्या.

निर्गुडी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. मी परिचारिका आहे, अपघात विभागात काम केलं आहे.

गाडी रस्त्यावर उभी राहिली तर पहिला धोका मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. गाडी थोडीही सरकत असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलून आधी वळणातून बाहेर काढा. चारी इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण गाडीबरोबर आलेला असतो, बहुतेकांचा तो डिकीत तळाशी पिशवीतच असतो. तो गाडीपासून चांगला पन्नास पावलं मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल. एक्सप्रेसवेवर तर गाडीत बसून राहूच नका. सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या पुढच्या बाजूला नव्हे, मागच्या बाजूला अंतर ठेवून उभं राहायचं, म्हणजे धडक बसली तरी गाडी आपल्या अंगावर ढकलली जात नाही. बंद गाडीच्या मागे उभं राहून डिकीतलं सामान काढत बसणं हे तर फारच धोक्याचं.

घाटात म्हातारी माणसं कठड्यावर चढू शकत नाहीत, हे मला कळतं. अशा वेळी रस्त्यापासून सगळ्यात लांब, डोंगराच्या बाजूला सपाट जागी डिकीतली चटई टाकून बसवा, शाल पांघरा.

रानजाई, तुमच्या आईबद्दल एक नक्की लक्षात ठेवा. जेवण समोर येईपर्यंत जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं नाही. अडकलेल्या गाडीत वेळ झाली म्हणून टोचलं आणि जेवण दोन तास लांबलं, तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज. नेमकं किती आणि कधी हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद इन्सुलिनच्या पिशवीतच ठेवा. ती पिशवी डिकीत नको, हाताशी हवी.

जुनी_फियाट

आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. थंडीत सेल्फने दगा दिला की पुढून हँडल घालून फिरवायचे. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, हे आम्हा भावंडांना शिकवलेलं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. या हँडलपायी माणसं जायबंदी होत, म्हणून तर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर आणला आणि पुढे सगळ्या गाड्यांत तो आला.

मुद्दा असा की गाडी मॅन्युअल होती, तर ढकलस्टार्ट का केली नाही? दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, वेग आला की क्लच सोडायचा. घाटात तर उतारही असतो. आणि अल्टरनेटर बघायचा तर चालू गाडीत बॅटरीची एक वायर काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला. मीटर लागतच नाही.

गॅरेजवाला_सांगली

काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, वायर काढायची परीक्षा आजच्या गाडीवर कुणीही करू नये. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर भलताच उसळतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. पद्मिनीत जाण्यासारखं काही नव्हतं. आताच्या कॉम्प्युटरची किंमत कितीतरी बॅटऱ्यांएवढी असते.

ढकलस्टार्ट सपाट रस्त्यावर, दिवसा, ढकलायला चार माणसं असतील तर ठीक. पण बॅटरी पार मेली असेल तर पेट्रोल पंप आणि स्पार्कलाच वीज मिळत नाही, कितीही ढकला. ऑटोमॅटिक गाडीला हा उपाय लागूच नाही. आणि घाटाच्या उतारावर करूच नका. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं कडक होतं, स्टिअरिंग जड होतं. त्यात आत दोन आज्या आणि एक मूल. ताईंनी ते केलं नाही हेच उत्तम.

जुनी_फियाट

पटलं. ब्रेकचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

घाटमाथा

जंपर केबलबद्दल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करण्याबद्दल (जंप), कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक खांबाला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक खांबाला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजा खांबाला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती बॅटरीवर करायची नाही. दुसरी गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. काढताना नेमकं उलट्या क्रमाने. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटलेल्या नकोत.

घाटात मदतीला ट्रक किंवा एसटीच थांबते. त्यांची यंत्रणा 24 व्होल्टची असते, आपली 12 ची. त्यांच्याकडून थेट जंप घेऊ नका. चालक मनापासून मदत करायला बघतो आणि गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स जळते. छोटे टेंपो आणि पिकअप 12 चे असतात, ते चालतात.

केबल घेताना जाड तांब्याची घ्या. स्वस्तातल्या केबलला वरचं रबर जाड आणि आत तार शेवयांएवढी.

वऱ्हाडी_ऊन

अकोल्याहून. आमच्याकडे लोकांचा समज की बॅटरी थंडीत मरते. मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत. मे महिन्यात 45 अंश, त्यात बॉनेटखालची आच वेगळी. आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. मग डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे इंजिन ऑइल जरा घट्ट झालं की सेल्फ ओढत नाही आणि आपण थंडीला दोष देतो. आमच्याकडे तीन वर्षं बॅटरी टिकली तरी चांगली म्हणायची. पाणी घालायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा झाकणं उघडून बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

हिमवाट

वऱ्हाडी_ऊन यांचं बरोबर आहे. मी विनिपेगला असते. इथे उणे तीस म्हणजे नेहमीचा जानेवारी. पार्किंगमध्ये विजेचे खांब असतात, गाडीच्या पुढून लोंबणारी वायर त्यात खुपसायची, म्हणजे इंजिनातला हीटर रात्रभर ऊब देतो. इथे बॅटरी घेताना उणे 18 अंशांना किती अँपिअर देईल तो आकडा बघून घेतात. गारठ्यात तिची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. गाडीत ब्लँकेट, मेणबत्ती, सुका खाऊ ठेवणं इथे शाळेत शिकवतात तसं सगळ्यांना ठाऊक असतं. ही पिशवी सह्याद्रीतही लागते, असं हा धागा वाचून वाटलं.

भातखाचर

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमची सीएनजी गाडी. सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. पाच-सहा वेळा केल्यावर सुरू होते. मुलांची शाळा रोज चुकते आहे. बॅटरी नवीन टाकली, फरक नाही.

गॅरेजवाला_सांगली

भातखाचर, बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि थोड्या वेळाने गॅसवर जातात. टाकीत पेट्रोल किती ठेवता? लोक काटा कायम तळाशी ठेवतात. पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. कोरडा चालला की जळत जातो. शिवाय महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल शिळं होतं.

उद्या सकाळी घरात शांतता असताना चावी फक्त ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-एक सेकंद बारीक ‘झुंईं’ ऐकू यायला हवं. आलं नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. आलं, तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर रात्रीत पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरतोय. हे सांगून गॅरेजमध्ये जा, निम्मं काम झालेलं असेल. पुढे दर आठवड्याला थोडी गाडी पेट्रोलवर चालवा आणि टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका.

पिंपळपार

गाडीत काहीच बिघाड नसतानाही माणूस अडकतो. माझे सासरे पंढरपूरच्या पार्किंगमध्ये तासभर बसून होते, कारण चावीच फिरेना. स्टिअरिंग लॉक बसलं होतं. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच ओढत चावी फिरवली की सुटतं. बटणाच्या गाडीत चावीतला सेल संपला तर गाडी चावीला ओळखतच नाही. तेव्हा चावी बटणाला टेकवून धरायची आणि बटण दाबायचं, बऱ्याच गाड्यांत चालतं. काहींत चावी ठेवायचा खास कप्पा असतो, पुस्तिकेत बघून ठेवा. दार उघडायला त्या चावीतच एक लोखंडी पातं लपलेलं असतं. हे घरातल्या ज्येष्ठांना बसवून हाताने करून दाखवा. फोनवर सांगून त्या वेळी काही उमगत नाही, त्यांचा जीव घाबरा झालेला असतो.

ई_वाहक

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी गैरसमजात राहू नये. आमच्याही गाडीत 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली तर खाली मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारे स्विच ही छोटीच चालवते. आणि दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला इलेक्ट्रिक गाडी वापरू नये, असं कित्येक पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं.

सातमाळ

नंबरांची माहिती. राष्ट्रीय महामार्गावर 1033, चोवीस तास आणि फुकट. पोलीस, रुग्णवाहिका सगळ्याला 112. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणाचा टॉवर असेल तर 112 लागतो, त्यामुळे ‘रेंज नाही’ दिसलं तरी लावून बघा. दरीच्या कडेपेक्षा मोकळ्या माथ्यावर शक्यता जास्त. जिथे टॉवरच नाही तिथे मात्र जाणाऱ्या गाडीच्या हाती कागदावर निरोप द्यायचा: गाडीचा नंबर, शेवटचं गाव, किती माणसं, घरचा फोन.

विमा पॉलिसी काढून बघा. रस्त्यावरच्या मदतीचं कलम वेगळे पैसे भरून घेतलेलं असतं आणि पुष्कळांना ते आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसतं. त्यात जंप, पंक्चर आणि ठरावीक अंतरापर्यंत टोइंग (गाडी ओढून नेणं) असतं. नंबर फोनमध्येही हवा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावरही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर आणला. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी 12.5. सेल्फ मारताना 10.4. सुरू झाल्यावर 14.1. खांब आणि पकड यांच्यात लाल बाजूला काहीच नाही, काळ्या बाजूला 0.8! तांब्याची तार होती तीच बाजू.

हे आकडे कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या दुसऱ्या माणसाने स्वतः मोजून पाहिलं आणि मान्य केलं की तिन्हींपैकी काहीच बदलायला नको. काळी पकड आणि तिची वायर नवीन बसवून घेतली. आता तिथे 0.05 दाखवतो. आईच्या डॉक्टरांकडून निर्गुडी म्हणतात तसा कागदही लिहून घेतला आहे. लेकीने स्टिअरिंग लॉक दोन्ही आज्यांना शिकवलं.

बॅटरी अजून किती दिवस धरू? मार्चमध्ये सगळ्यांना घेऊन गुहागरला जायचं आहे.

गॅरेजवाला_सांगली

10.4 ठीक आहे, पण बॅटरी तीन वर्षांची झाली. जाण्याच्या आधी फेब्रुवारीत बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट (भार देऊन बॅटरी तपासणं) करून घ्या, बरेच दुकानदार फुकट करतात. तिथे कमी दाखवली तर तेव्हाच बदला. बदलताना जुनी परत द्या, तिच्या शिशाचे पैसे वजा होतात. नव्या बॅटरीवर छापलेला महिना बघा, सहा महिने दुकानात पडून राहिलेली घेऊ नका. वॉरंटी ‘24 अधिक 24’ अशी लिहिलेली असेल तर पहिल्या भागात फुकट बदलून मिळते, दुसऱ्या भागात फक्त सवलत. कार्डावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

नव्या पकडीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, आवळून झाल्यावर, आधी नाही. आणि महिन्याभराने ती हाताने हलवून बघा.